कातळकोंडचा चौथा सुरुंग

पाणी कुठे लागेल हे मला कधीच कळलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नोकरीत असताना आणि नोकरी सुटल्यावरही लोक मला परसात नेऊन उभं करतात आणि म्हणतात, "मिस्त्री, जरा बघा बरं." मी बघतो. परस दिसतं. पाणी शोधणारा माणूस वेगळा, त्याला पाणाड्या म्हणतात. त्याने जागा दाखवायची, गावाने खणायचं आणि माती संपून काळा कातळ लागला की मला बोलवायचं. मी सुरुंग लावून तो कातळ फोडायचो. खाली पाणी लागलं तर पाणाड्याला नारळ आणि टोपी मिळे. नाही लागलं तर सुरुंगवाल्याने घालवलं असं ठरे. टोपी मला आजवर मिळालेली नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांचं म्हणणं, नोकरीचा आढावा लिहा. महाड आणि पोलादपूरच्या डोंगरात विहिरी खोल केल्या, हा आढावा झाला. आता उरलेल्या पानांत दोनचार गिऱ्हाइकं सांगतो आणि एक लग्न सांगतो.

आमच्याकडची पाण्याची रीत परक्याला सांगितली तर त्याला थट्टा वाटते. श्रावणात सावित्री महाडच्या बाजारात शिरते आणि दुकानदार माळ्यावर जाऊन बसतात. त्याच आभाळाखाली, पोलादपूरच्या वरच्या कोंडांवर, म्हणजे डोंगरातल्या वाड्यांवर, चैत्र लागला की बाया करवंटीने पाणी भरतात. पाऊस कमी पडतो म्हणावं तर तसंही नाही. डोंगर उभा, कातळ उघडा, त्यामुळे पडलेलं पाणी मुक्कामाला राहत नाही. आलं तसं खाली जातं आणि महाडकरांना त्रास देतं. विहिरीत झिरपणाऱ्या झऱ्यावर अख्खी वाडी उन्हाळा काढते, आणि नेमक्या त्याच महिन्यात मुंबईची माणसं पोराबाळांसकट गावी येतात आणि दोन वेळा आंघोळ करतात.

धंदा समजायला सोपा आहे. कातळात हातभर खोल भोक पाडायचं. एकाने पहार धरून फिरवत राहायची, दुसऱ्याने घण मारायचा. माझी पहार रावजी धरायचा. घणाखाली पहार धरून बसणारा माणूस मिळणं कठीण, म्हणून मी त्याला कधी उलट बोललो नाही. भोक पाडताना आत थोडं थोडं पाणी घालावं लागतं, नाहीतर भुकटी अडकून पहार बसते. म्हणजे ज्या गावाला प्यायला पाणी नाही तिथे जाऊन मी पहिल्याच दिवशी पाणी मागत असे. मग भोक फडक्याने कोरडं करायचं, सुरुंगाची दारू भरायची, वात सोडायची आणि वरून चिकण माती लाकडी दांड्याने ठासायची. लोखंडाने ठासायची नाही. लोखंडाने ठासणारे दिवाळी अंकात लिहायला उरत नाहीत. मग "सुरुंग होऽ" अशी हाळी द्यायची, विडीने वाती पेटवायच्या आणि चालत वर यायचं. पळायचं नाही, पळणारा पडतो. आडोशाला बसून आवाज मोजायचे. चार भरले तर चार ऐकू आले पाहिजेत. वाजलेल्या सुरुंगाचं काही नसतं, न वाजलेल्याचं भय असतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. पोलादपूरच्या एका दुकानदाराने मला बसवून चहा दिला आणि विचारलं, सुरुंग असा लावता येईल का, की शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी आपल्या विहिरीत यावं? मी म्हणालो, सुरुंगाला हद्द कळत नाही, तुमचंही तिकडे जायचं. त्यानंतर त्या दुकानात मला कधी चहा मिळाला नाही. उमरठच्या बाजूला एक म्हातारे होते, त्यांनी विहीर खोल करायला सपशेल नकार दिला. म्हणाले, "पानी वाढलं तर मुंबैवाली महिनाभर ऱ्हातील. आता आठ दिसांत जातात ती बरी हायत." त्यांची सून आत भाकऱ्या थापत होती. मला जाताना तिच्या हातचं ताक मात्र पुरेपूर मिळालं.

खंत एका विहिरीची आहे. एका माचीवर झरा चांगला होता, लोकांना आणखी हवा होता. सुरुंग ठीक वाजले, दगड ठीक निघाला, आणि कातळाला आत कुठेतरी चीर जाऊन होता तो झराही खाली निघून गेला. असं होतं. होईल हे आधी सांगता येत नाही, मी सांगितलंही होतं, तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मला कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर प्रत्येक विहिरीत पहिला सुरुंग लावण्याआधी मी झऱ्याची धार बघून ठेवायचो, निवृत्त होईपर्यंत.

आता लग्न. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत आणि नवं महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. कुडपणच्या वाटेला आडबाजूला कातळकोंड नावाची वाडी होती. एक पायवाट खालून वर येते, वाडीच्या तोंडाशी विहिरीला अगदी घासून जाते आणि वाडीत शिरते. दुसरी वाट नाही. मागच्या अंगाने शेरडांची एक निसरडी घसार आहे, पण तिला वाट म्हणायला शेरडू असावं लागतं.

विहिरीवर भागाआजीचा अंमल होता. माघ संपला की ती सकाळी पायऱ्या उतरून झऱ्याशी बसायची आणि करवंटीने घरटी पाणी मोजून द्यायची. तिला कोणी नेमलं नव्हतं आणि काढायची कोणाची छाती नव्हती. झरा आटत चालला की बाया खाली ओढ्यातल्या डवऱ्यावर जात. डवरा म्हणजे ओढ्याच्या वाळूत उकरलेला खड्डा, त्यात पाणी पाझरून साठतं. तो डवरा दोन वाड्यांत होता, एक दिवस कातळकोंडचा आणि एक दिवस खालच्या वाडीचा. दुसऱ्याच्या दिवशी तिथे हंडा बुडवणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवरचं कालवण उचलून आणणं.

विहीर खोल करायची मंजुरी येऊन बरेच दिवस झाले होते. पण सरकारी खात्याची दारू यायची तेव्हा आली, आणि आली ती ऐन रामजीच्या मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात. रामजी साधा शेतकरी, मुलगी चंद्रा. स्थळ सावित्रीच्या काठचं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण व्याह्यांचे नातू महाडात माझ्या शेजारी राहतात. कातळकोंडच्या मुलींना नदीकाठी मागणी असे. डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर कळशी घेऊन डोंगर चढणारी सून कोणाला नको? पण व्याही मानपानाचे पक्के. ते दारात आले की पाय धुवायला पाणी कसं, कोणी, कोणत्या भांड्यातून घातलं यावर ते माणसाची परीक्षा करत. रामजीची सगळी काळजी त्या पाण्याची होती.

तो मला म्हणाला, "मिस्त्री, माझ्या बायकूचं डोस्कं हंड्यानं सपाट झालंय. पोरीचं तरी नको. नदी दारात हाय तिच्या सासरी. येवढं लगीन नीट पार पडू दे."

मी म्हणालो, "चार सुरुंगांचं काम. लग्नाच्या आधी विहीर मोकळी करून देतो." मला खरंच तसं वाटत होतं.

कातळकोंडला लग्नाला हंडा घालायची रीत होती. लग्नाच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरची बाई भरलेला हंडा, त्याच्या गळ्याला हळदकुंकू लावून, लग्नघरी आणून ओते. तोच आहेर. मुंबईकर ताटं-वाट्या देत, त्या फळीवर मांडल्या जात आणि विसरल्या जात. हंडा मात्र दोन पिढ्या लक्षात राही, "तुज्या आजीनं आमच्या आत्तीला हंडा घातला व्हता" असं. भांडण असलं तरी हंडा चुकवायचा नाही. शेजारच्या ठकूबाईचं रेडकू एकदा रामजीच्या बायकोच्या, पारूबाईच्या, हंड्यात तोंड घालून गेलं होतं. तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. रेडकू मोठं झालं, म्हातारं झालं, मेलं, अबोला चालूच होता. पण ठकूबाईने हंडा आणला, ओतला, आणि न बोलता गेली. एकदा ओतलं की ते पाणी लग्नघराचं.

विहीर माझ्या ताब्यात, म्हणून हे सगळं पाणी डवऱ्यावरून आलं होतं. वाडीने आपला दिवस साधून डवरा तळापर्यंत खरवडला होता. रामजीच्या मांडवात मुंबईहून आणलेली पत्र्याची पिंपं काठोकाठ भरली होती. ती आणणारा रामजीचा भाऊ सखाराम, मुंबईला गोदीत कामाला. तो प्रत्येक पाहुण्याला पिंपांपाशी नेऊन "फस्क्लास माल हाय" असं सांगत होता.

दुपारी वाट रिकामी झाल्यावर मी चारही सुरुंग भरले आणि गुरंढोरं कुठे आहेत ते बघायला वर आलो. तेवढ्यात भागाआजी नारळ घेऊन पायऱ्या उतरली. पाण्यात सातआसरा या जलदेवता राहतात, त्यांना विचारल्याशिवाय कातळ फोडायचा नाही, हे तिचं म्हणणं, आणि त्याला माझी हरकत नव्हती. नारळ फुटल्याचा आवाज आला, ती भकलं घेऊन वर आली, मी खाली जाऊन वाती पेटवल्या आणि आडोशाला येऊन बसलो.

एक वाजला. दुसरा वाजला. तिसरा वाजला.

रावजी माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. सखाराम म्हणाला, "काय मिस्त्री, खतम?" मी म्हणालो, "नाही."

न वाजलेल्या सुरुंगाचा नियम असा की त्याच्याजवळ जायचं नाही. वात कधी आत धुमसत राहते आणि आपल्याला वाटतं विझली. उकरून काढायला गेलेल्या माणसांच्या गोष्टी आम्हाला नोकरीला लागताच सांगत, आणि त्या गोष्टी लहान असत. मी करवंदीच्या काट्यांनी दोन्हीकडून वाट बंद केली, लाल फडकं बांधलं आणि कोणीही त्या बाजूला फिरकायचं नाही असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चौथा वाजला नाही. आणि त्याच दिवशी गोरजावर लग्न होतं. वऱ्हाड विहिरीला घासून जाणाऱ्या त्या एकाच वाटेने यायचं होतं, ताशा वाजवत. स्वागताला सखारामने मुंबईहून फटाक्यांची माळ आणलेली होती. ती मी आधी भागाआजीच्या तांदळाच्या कणगीत पुरायला लावली.

सकाळी मांडवात सगळी वाडी बसली. सखारामचं मत पडलं की वऱ्हाडाला मागच्या घसारीने आणावं.

भागाआजी म्हणाली, "नवऱ्याला शेरडाच्या वाटंनं आनतोस? आन त्याच्या बापाला? तो जाडा मानूस गडगडत गेला तर खाली थेट त्याच्याच गावात पोचंल."

"मिस्त्री, दुसरा काय उपाव हाय?" रामजीने विचारलं.

उपाय होता. मला तो कालपासून माहीत होता आणि तोंडातून निघत नव्हता. सुरुंगाची दारू भिजली की मेली. चौथ्या भोकावर भरपूर पाणी सोडायचं, माती विरघळून आत मुरेपर्यंत सोडत राहायचं. वैशाखातला तापलेला कातळ, नुकताच तीन सुरुंगांनी फुटलेला, निम्मं पाणी चिरांतच जायचं. झरा विहिरीच्या खालच्या कोपऱ्यात, भोक वरच्या अंगाला. आपोआप पाणी चढायचं तर मृग यायला हवा होता.

हे मी सांगितलं. सगळ्यांनी पिंपांकडे बघितलं. वाडीत पाणी होतं ते तेवढंच. तो दिवस डवऱ्यावर खालच्या वाडीचा होता.

ठकूबाई पदर सावरून म्हणाली, "हंडे आमी घातले. आता पानी रामजी भावजींचं हाय. त्यांनी सांगायचं."

रामजी उकिडवा बसला होता. ओतावं तर व्याह्यांच्या पायांवर घालायला पाणी नाही. ठेवावं तर व्याही पायांसकट धोक्यात. मला त्याची दया आली आणि माझा स्वतःचा रागही आला, जरी माझं काही चुकलं नव्हतं. आतून हळद लागलेली चंद्रा दारात आली. नवरीने त्या दिवशी बोलायचं नसतं.

"बाबा, ओता," ती म्हणाली. "मानसं मेली तर पाय कोनाचे धुनार?"

"तू आत जा गो," पारूबाई म्हणाली. पण निकाल लागला होता.

स्वयंपाकापुरतं एक पिंप मागे ठेवलं. बाकीचं पाणी सोडायचं कसं, हा प्रश्न होता. विहिरीच्या काठावर कोणाला उभं करायचं नव्हतं. डोंगरातली माणसं झऱ्याचं पाणी वाफ्यात न्यायला बांबू उभा चिरून पन्हळी करतात, त्या घरोघर होत्या. विहिरीपासून थोडा वर दगडांचा जाड गडगा आहे. त्याच्या आडोशापासून विहिरीच्या काठापर्यंत पन्हळीला पन्हळ जोडली. शेवटची पन्हळ काठावरून नेमकी भोकावर धरायची होती. ते काम माझं होतं.

रावजी म्हणाला, "मिस्त्री, तुमी जावा. मी हितनं लक्ष ठेवतो."

मी पोटावर सरपटत काठाशी गेलो. खाली चौथं भोक दिसत होतं, मातीने लिंपलेलं, शांत. पन्हळीखाली दगड लावले, तोंड नीट धरलं आणि सरपटत मागे आलो. भीती वाटली का असं पुष्कळ जण विचारतात. वाटली. शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता, आणि त्या वाडीत तेवढाच ओला होता.

मग बाया ओळीने आल्या. काल ज्यांनी डोंगर चढून हंडे ओतले होते त्याच बाया, पिंपातून हंडे भरभरून गडग्याआड आणत होत्या आणि पन्हळीत ओतत होत्या. पारूबाईने हंडा एकदम कलता केला, पाणी पन्हळीच्या बाहेर जायला लागलं. तिच्यामागे ठकूबाई उभी होती. तिने पुढे होऊन हंड्याच्या बुडाला हात लावला.

"हळू ओत गो," ती म्हणाली. "सांडू नको."

इतक्या वर्षांत दोघींतलं ते पहिलं वाक्य. विहिरीत फेकून द्यायच्या पाण्याला सांडू नको म्हणण्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

शेवटचं पिंप आडवं करून निथळवलं तेव्हा उन्हं कलली होती. मी उतरलो. माती वाहून गेली होती आणि भोकात काळा चिखल झाला होता. तो मी लाकडी पळीने उपसून काढला. त्या चिखलात नारळाची शेंडी निघाली. भागाआजीने नारळ फोडायला उंचवट्याचा बरा दगड बघितला होता, तो चौथ्या सुरुंगाचा होता, आणि नारळाचं पाणी वातीवरून आत गेलं होतं. बाकी तिघांना प्रसाद मिळाला नव्हता म्हणून ते वाजले. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग? आसरांना नको व्हतं, त्यांनी घेतलं नाय." मी पळी पुसून ठेवली.

काटे बाजूला केले तेव्हा खालून ताशा ऐकू येत होता. विहिरीच्या तळाला गढूळ काळं पाणी साचलं होतं. सखाराम म्हणाला, "पायांना चालंल की."

"व्याह्यांचे पाय सुरुंगाच्या चिखलानं धुवू?" रामजी म्हणाला.

स्वयंपाकाच्या पिंपातून भाताचं आधण गेलं, आमटी गेली, पिण्याचं गेलं. पारूबाईच्या हातात शेवटी एक तांब्या होता. नवऱ्या मुलाचे पाय धुतले, करवलीच्या पायांवर धार धरली, मुलाच्या मामाच्या पायांवर शिंतोडे गेले. व्याह्यांसमोर रामजी वाकला आणि त्याने तांब्या उलटा केला. दोन थेंब आले.

व्याह्यांनी खाली बघितलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

मी पुढे होऊन त्यांना सगळं सांगितलं, विहीर दाखवली, चौथं भोक दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "तुमचं बरोबर हाय मिस्त्री. तुमी आमचा जीव वाचवला," ते म्हणाले. "पन पाय माझे हायत." आणि घोट्यापर्यंत तांबडी धूळ घेऊन ते पंगतीला बसले. पाय त्यांनी पाटाच्या पुढे काढून ठेवले होते, सगळ्यांना दिसतील असे. लग्न लागलं, जेवणं झाली, चंद्रा गेली. पारूबाई रडली ती मुलगी गेली म्हणून की पायांसाठी, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर मी चौथं भोक पुन्हा भरलं, यावेळी भागाआजीला शेजारी बसवून. वाजला. झरा पळाला नाही, उलट थोडा मोठा झाला. धार मी दोनदा बघून आलो.

पण व्याही महाडच्या बाजारात भेटेल त्याला सांगत होते, "मी व्याह्याच्या दारात बिनधुतल्या पायानं जेवलो." चंद्राला सासरी कोणी मारत-झोडत नव्हतं, पण तिला माहेरी पाठवत नव्हते. पहिल्या वर्षाची नवी नवरी पंचमीला माहेरी येते. रामजी न्यायला गेला. व्याह्यांनी विचारलं, "पाय धुवाया पानी झालं का तुमच्याकडं?" रामजी हे ऐकून धो धो पावसातून परत आला. वाटेत त्याला प्रत्येक वळणावर धबधबा लागला असेल.

पंचमीनंतर थोड्याच दिवसांत सावित्री चढली. नदीकाठच्या गावांत पाणी घरात शिरलं, दोन दिवसांनी उतरलं, आणि मागे चिखल राहिला. पुराचं एक लोकांना माहीत नसतं, की पुरात पहिलं प्यायचं पाणी जातं. विहिरी गाळाने भरतात, वर मेलेली कोंबडी तरंगते. नदी तांबडी. माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून तहानेने तळमळतात. गाळ काढायला खात्याने आम्हाला पाठवलं. मी आणि रावजी व्याह्यांच्या दारातली विहीर उपसत होतो. चंद्रा पुराचं पाणी फडक्यातून गाळून त्यात तुरटी फिरवत होती. व्याही ओट्यावर बसले होते. त्यांनी मला ओळखलं, पण पायांचा विषय काढला नाही. पाय चिखलात होते.

दुपारी रावजीने मला हाक मारली. पोलादपूरकडून येणाऱ्या वाटेवर बायांची ओळ दिसत होती. अंगावर पावसाची इरली, डोक्यावर हंडे. सगळ्यात पुढे कळशी घेऊन रामजी. त्या दिवसांत वर डोंगरात जागोजागी झरे फुटलेले असतात, पाणी काचेसारखं. सकाळी निघून, निसरड्या उतारावरून, कातळकोंडच्या बाया ते पाणी खाली घेऊन आल्या होत्या. प्रत्येक हंड्याच्या गळ्याला हळदकुंकू होतं, पावसाने अर्धं पुसलेलं.

पारूबाई होती. तिच्या पुढे ठकूबाई होती. ती ओट्यापाशी थांबून व्याह्यांना म्हणाली, "आमी चंद्राला हंडे घातले व्हते ते लग्नाला लागलेच नाय. इहिरीत गेले. आहेर ऱ्हायलेला, तो पोचवाया आलो."

चंद्राने घरातलं पिंप ओढत आणलं. बाया एकेक हंडा ओतू लागल्या, आणि चंद्रा पिंपाला दोन्ही हातांनी धरून म्हणत होती, "हळू गो, सांडू नका." पुराच्या गावात, दारात तांबडी नदी भरून वाहत असताना.

रामजीने कळशी ओतली नव्हती. तो ती घेऊन ओट्यासमोर आला आणि चिखलात बसला. "पाय पुढं करा," तो म्हणाला.

व्याह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग पाय पुढे केले. रामजीने धार धरली आणि हाताने चोळून घोट्यापर्यंतचा चिखल काढला. एक पाय स्वच्छ झाला, मग दुसरा. तरी तो घालतच राहिला. पिंपाशी उभ्या बाया ओतायच्या थांबल्या होत्या आणि बघत होत्या.

"गौरीच्या सणाला घेऊन जावा पोरीला," व्याही म्हणाले. मग ते खाली बघून म्हणाले, "बास व्याही, बास. सांडतंय."

"सांडू दे," रामजी म्हणाला, आणि त्याने कळशी रिकामी केली.